मांजर कुठंय?

मांजर तिच्याआधी गडबड्याला दिसलं. लाँड्रीसमोरच्या स्कूटरच्या सीटवर पिवळा बोका पाय चाटत बसला होता. तिने घाईघाईने खिशातून उकडलेल्या अंड्याचा तुकडा काढला, पण "गडबड्या, इकडे बघ, इकडे" म्हणेपर्यंत पट्ट्याला हिसका बसला आणि उजव्या खांद्यातली कळ थेट बोटांपर्यंत गेली. बोका भिंतीवर, अंडं गटारात. गडबड्या मागच्या दोन पायांवर उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा भुंकत होता.

"मॅडम, तुम्ही कुत्र्याला फिरवताय की कुत्रं तुम्हाला?" लाँड्रीवाल्याने इस्त्री न थांबवता विचारलं.

हा विनोद त्याने या आठवड्यात तिसऱ्यांदा केला होता.

अकरा महिन्यांचं कुत्रं, पण तिच्या नाकी नऊ आणले होते त्याने. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं ती तीन आठवडे इमानेइतबारे करत होती. मांजर दिसलं की लांबच थांबायचं. ओढायचं नाही, ओरडायचं नाही. मांजर बघून त्याने आपल्याकडे वळून पाहिलं की लगेच खाऊ द्यायचा. ऐकायला किती सोपं! पण हा वळून बघेल तर शपथ. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं.

त्या दुपारी दुकानात एका लग्नाच्या फोटोसाठी काच कापताना तिचा हात थरथरला, हिऱ्याच्या टोकाची हिरकणी घसरली आणि काच भलतीकडेच तडकली. आठवड्यातली दुसरी. फ्रेम करणाऱ्या बाईचा हात हलायला लागला, तर तिने करायचं काय? तिने शटर ओढलं आणि तिथेच उभं राहून भावाला फोन लावला.

"दादा, बाबांना सोबत म्हणून कुत्रं आणलंस तू, पण फिरवतेय मी. माझा हात गेला तर दुकान गेलं. रविवारी ये आणि घेऊन जा त्याला."

"बाबांना सांगितलंस?"

"तू सांग."

घरी, तिसऱ्या मजल्यावर पोचून तिने किल्ली लावली. गेल्या वर्षी बाबा याच जिन्यावर पडले, तेव्हापासून खाली उतरलेच नव्हते. हाड केव्हाच जुळलं होतं, डॉक्टर चाला म्हणत होते. बाबा म्हणायचे, "बत्तीस वर्षं चालवली बस, आता डेपोत लावलीय." आणि हसायचे. तिला काही हसू यायचं नाही.

आतून त्यांचा आवाज येत होता.

"मांजर कुठंय? शोध. कुठंय रे मांजर?"

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. शेजारी गडबड्या चौकटीवर पुढचे पाय टेकून खाली गल्ली न्याहाळत होता. बघता बघता तो थिजला, मग बाबांकडे वळला. बाबांनी बिस्किटाचा तुकडा त्याच्या तोंडात दिला.

"शाब्बास! सातवं."

ती चपलांसकट आत गेली. "बाबा! कधीपासून चाललंय हे?"

"काय? अगं, खेळतोय आम्ही. तेवढीच दुपार जाते."

"खाली मी त्याला मांजर विसरायला शिकवतेय, आणि तुम्ही वर बसून शोधायला शिकवताय! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!"

बाबांनी बिस्किटाचा पुडा हळूच मांडीखाली सरकवला. ते पाहून ती आणखीच भडकली.

"रविवारी दादा येतोय. घेऊन जाणार आहे त्याला."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. गडबड्याला मात्र आठवं मांजर दिसलं होतं. तो भुंकला नाही की उसळला नाही. मान वळवून बाबांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. बाबांचे हात मांडीवरच होते, तरी बघतच राहिला.

तिने खिडकीतून वाकून पाहिलं. तोच पिवळा बोका, त्याच स्कूटरवर.

ती मटकन पलंगावर बसली. तीन आठवडे अंडी उकडून तिला जे जमलं नव्हतं, ते इथे साध्या बिस्किटावर चाललं होतं.

"द्या त्याला," ती म्हणाली.

"आँ?"

"बिस्कीट द्या. मांजर बघून वळला ना? हेच तर शिकवायचं होतं. पण खाली मांजर दिसलं की तो तुम्हाला शोधत असणार, आणि तुम्ही नसता."

"मग काय, खिडकीतून ओरडू मी?"

ती खांदा चोळत राहिली. बाबा त्या खांद्याकडे बघत होते.

शनिवारी संध्याकाळी ती पट्टा घ्यायला दाराशी गेली, तर तिथे बाबांचे बूट. वर्षभराची धूळ पुसून ठेवलेले.

"दुसऱ्या मजल्यापर्यंतच हं, बयो," बाबा म्हणाले. "एक स्टॉप जमेल."

उजव्या हाताने त्यांनी कठडा धरला, डाव्याने तिचा दंड. दुखराच दंड. पट्टा तिच्या डाव्या हातात होता. पर्समध्ये फोन वाजायला लागला. दादाच असणार, उद्या किती वाजता येऊ विचारायला. तिने वाजू दिला.

एक पायरी. दुसरी. बाबांचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. जिन्याच्या वळणावर, खिडकीच्या कोपऱ्यात एक राखाडी मांजर अंग चोरून बसलं होतं. गडबड्या ताठ झाला. तिने दात आवळून हिसक्याची वाट पाहिली.

हिसका बसला नाही. गडबड्या वळला आणि तिला ओलांडून वर बाबांकडे बघू लागला.

बिस्किटं बाबांच्या उजव्या खिशात होती.

"मी काढू?" तिने विचारलं.

"थांब."

तिच्या दंडावरची पकड घट्ट झाली. मग एकेक बोट करत बाबांनी कठडा सोडला आणि खिशात हात घातला.