वहीतला डावा कोपरा

दोन वर्षं कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये तिला सगळ्या 'तोफ' म्हणत. लांबून शॉट मारायची, म्हणून तोफ. हे नाव काही फुकट मिळालं नव्हतं. पहिलं वर्ष तिने बेंचवर बसून काढलं, दुसऱ्या वर्षी कुणाचा पाय मुरगळला तरच दहा मिनिटं खेळायला मिळायचं. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षी आता मैदान आपलंच, असं ती धरून चालली होती. तेवढ्यात तिची धाकटी बहीण त्याच कॉलेजात आली, त्याच टीममध्ये निवडली गेली आणि पहिल्याच दिवशी भर कोर्टवर ओरडली, "ताई, बॉल दे!" झालं. आठवड्याभरात अख्खी टीम तिला ताई म्हणायला लागली. तोफेने कुणालाही उडवावं, त्यात गैर काही नाही. ताईने मात्र मन मोठं ठेवायचं असतं.

ताईला ते ठेवता येईना.

कारण मॅडम. मॅडम म्हणजे टीमच्या कोच. एकेकाळी स्वतः चांगल्या खेळलेल्या, आता एक गुडघा कामातून गेलेला, पण शिस्त जागच्या जागी. सरावाला दोन मिनिटं उशीर झाला की दहा फेऱ्या. बुटाची नाडी सुटली की पाच. 'पण मॅडम' म्हटलं की आणखी पाच. कौतुक करायची वेळच आली तर त्या नुसतं 'चालेल' म्हणायच्या. ताईला दोन वर्षांत असे तीन 'चालेल' मिळाले होते आणि ते कधी, कशावरून, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. धाकटीने पहिल्या महिन्यातच दोन मिळवले.

उगाच शब्द फिरवण्यात अर्थ नाही. ताई जळत होती. धाकटीचा बॉल रिंगला न शिवता आत गेला की तिच्या पोटात दुखायचं. मॅडम धाकटीवर ओरडल्या तरी दुखायचं, कारण जिच्याकडून काही होण्यासारखं असतं तिच्यावरच मॅडम ओरडतात, हे टीममधल्या पोरीपोरीला ठाऊक होतं. त्यात दोघींची खेळायची जागा एकच. पहिल्या पाचात ती एकीलाच मिळणार. वर्षाच्या शेवटी कॉलेजांची फायनल असायची, आणि ती ताईची शेवटची मॅच होती. पुढे कॉलेज संपलं की तिच्यासारखीला कोण बोलावून खेळवणार? धाकटीपुढे तर अजून दोन वर्षं पडली होती. "हिला एवढी कसली घाई?" असं ताई दात घासताना आरशाला विचारायची.

पहिले पाच कोण, हे मॅडम वहीवरून ठरवत. सराव संपला की प्रत्येकीने पाच जागांवरून शंभर शॉट मारायचे आणि किती आत गेले ते तिच्या जोडीदारणीने लिहायचं. मारणारीने स्वतः मोजायचं नाही. मोजलं की हात आखडतो, असं मॅडमचं म्हणणं. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. मारणारीने शॉट मारता मारता मोठ्याने पाढे म्हणायचे. बेपासून अकरापर्यंत दहा पाढे, म्हणजे बरोबर शंभर शॉट. एका जागेला दोन पाढे. तोंड पाढ्यात गुंतलं की डोकं आकड्यांच्या नादी लागत नाही. संध्याकाळी कोर्टजवळून जाणाऱ्यांना वाटायचं, इथे पहिलीचा वर्ग भरतो. शेवटची जागा म्हणजे डावा कोपरा, तिथे दहा आणि अकरा.

जोड्या मॅडमनी लावल्या. "ताई, तू धाकटीचं लिही, ती तुझं लिहील. घरची माणसं आहात, एकमेकींचं खोटं लिहिणार नाही."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते मॅडमनी ऐकलं नसावं.

पहिले काही दिवस ताईने खरं लिहिलं. मग एका संध्याकाळी धाकटीने डाव्या कोपऱ्यातून वीसपैकी पंधरा टाकले. त्या दिवशी ताईचे स्वतःचे तिथून नऊच गेले होते. पेन्सिल हातात होती. धाकटी घाम पुसत, पाठ करून उभी होती. ताईने लिहिलं, सात. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. बाकीच्या चारही जागांचे आकडे तिने खरेच ठेवले. त्यामुळे आपण फारशी वाईट नाही, असं स्वतःला सांगायला जागा राहिली.

शनिवारी मॅडमनी वह्या पाहिल्या. "डाव्या कोपऱ्यात तुझी बोंब आहे," त्या धाकटीला म्हणाल्या. "उद्यापासून अर्धा तास जास्त थांबायचं. मी घेते."

करायला गेली एक आणि झालं भलतंच. दोघींची स्कूटर एकच, त्यामुळे ताईला रोज अर्धा तास बाहेरच्या पायरीवर बसावं लागे. आतून धाकटीचा आवाज यायचा, "अकरा त्रिक तेहेतीस, अकरा चोक चव्वेचाळीस..." आणि मधूनच मॅडमचा, "कोपर आत. आत. हां." ताई एकदा दारातून डोकावली तर मॅडम दुखऱ्या गुडघ्यासकट खाली बसून धाकटीचा पाय हाताने नीट ठेवत होत्या. तीन वर्षांत त्यांनी ताईचा पाय कधी हातात घेतला नव्हता. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी धाकटीचे सोळा गेले, तिने सहा लिहिले.

आता मॅडमची पंचाईत झाली. त्यांच्या डोळ्यांसमोर ही पोरगी विसातले पंधरा-सोळा टाकते, आणि वहीत सहा-सात. त्यांनी दोन आठवडे पाहिलं, विचार केला, आणि आयुष्यभराच्या अनुभवातून एक पक्का चुकीचा निष्कर्ष काढला. "कळलं मला," त्या धाकटीला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माझ्यासमोर जातो, पण कुणी लिहायला लागलं की जात नाही. तू भितेस. वहीला भिणारी फायनलच्या गर्दीत काय करणार?"

धाकटीने खाली मान घालून ऐकून घेतलं. वहीवर शंका घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. वही ताईची होती.

घरी तिने तेच सांगितलं. "आई, मला वाटतं बॉल आत जातोय, पण तो गेलेला नसतो. मी भित्रीच आहे बहुतेक."

बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. त्यांच्या मते जगातल्या अर्ध्या तक्रारी नंबर न काढल्यामुळे होत्या. त्यांनी दुकानातून अक्षरांचा तक्ता आणला, स्वयंपाकघराच्या दाराला टांगला आणि धाकटीला पार दुसऱ्या खोलीच्या भिंतीपर्यंत मागे नेलं. तिने शेवटची ओळ घडाघडा वाचली, खालचं छापखान्याचं नाव धरून.

"नजर तर घारीची आहे," बाबा म्हणाले. "मग दिसत कसं नाही गं तुला?"

"नजरेचं नाही हो, मनाचं आहे," आई म्हणाली. ती हॉस्पिटलात नर्स होती, तिला मनाचंही थोडं कळायचं. "अगं, ताईला विचार ना. ती रोज समोर असते. कुठे चुकतेस ते तीच सांगेल."

धाकटीने खरंच विचारलं. दोघींच्या खोलीत, कपड्यांच्या घड्या घालताना. "ताई, खरं सांग, काय चुकतं माझं?"

ताईच्या हातात धाकटीचीच जर्सी होती. "खांदा," ती म्हणाली. "खांदा वर जातो तुझा." धाकटीचा खांदा अजिबात वर जात नव्हता.

पण त्या दिवसापासून धाकटी खांदा सांभाळायला लागली. पाढे म्हणताना आवाज खाली यायला लागला. अकरा साते म्हटल्यावर अडखळायची, पुन्हा सुरू करायची. सोळाचे तेरा झाले, तेराचे दहा. वहीत सहा, सात, सहा. पहिल्या पाचांची यादी फायनलच्या सकाळी लागायची, तिला चार दिवस उरले होते. त्या संध्याकाळी डाव्या कोपऱ्यातले वीस शॉट संपले आणि ताईने सवयीने सहा लिहिलं. मग तिची पेन्सिल थांबली. तिने मनात पुन्हा मोजलं. खरोखरच सहा गेले होते.

खोटं लिहावंच लागलं नव्हतं. आता कुणी कितीही तपासलं तरी वही खरी निघाली असती. जागा तिची होती, फायनल तिची होती. आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही, अगदी घोटभर. मग धाकटी जवळ आली. "किती झाले?" असं तिने विचारलं नाही, हल्ली विचारायचीच नाही. फक्त म्हणाली, "ताई, फायनल झाली की मी सोडते गं. माझ्यात नाहीच ते. तू आहेस ना घरात एक खेळाडू, पुष्कळ झालं."

ते ती मनापासून म्हणाली, हेच वाईट होतं. टोमणा असता तर ताईने परतवला असता.

दुसऱ्या दिवशी ताई सरावाआधीच मॅडमच्या खोलीत गेली. खोली कसली, बॉलच्या जाळ्या आणि एक टेबल. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं, पहिल्या सातपासून. मॅडमनी शेवटी विचारलं, "तिला सांगितलंस?"

"नाही मॅडम."

"मग मला आधी का?"

ताई जाळीतले बॉल बघायला लागली.

"मी सांगते. माझ्याकडे फेऱ्या मिळतील, दोन शब्द ऐकावे लागतील, बेंचवर बसावं लागेल. ते उरकलं की सुटले, असं वाटलं तुला. शिक्षा सोपी असते गं." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "त्या पोरीला मी सगळ्यांसमोर भित्री म्हटलं. ते मी निस्तरीन, सगळ्यांसमोरच. तुझं तू निस्तर. फायनलला तू खेळणार नाहीस. बेंचवर बसून मॅचची वही लिहायची. प्रत्येकीचा प्रत्येक शॉट."

"पण मॅडम, माझी शेवटची..."

"पाच फेऱ्या," मॅडम म्हणाल्या.

धाकटीला तिने घरी सांगितलं. वाटलं होतं रडेल, ओरडेल, आईला हाक मारेल. धाकटी पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "पहिल्या दिवशी किती होते?"

"पंधरा."

"दुसऱ्या?"

"सोळा. मग चौदा. एकदा अठरा होते."

"अठरा?" धाकटीचा आवाज फुटला. "माझे अठरा गेले आणि त्या दिवशी मी रडत घरी आले?"

ताईला सगळे आकडे पाठ होते. जळणारा माणूस पक्का हिशेबी असतो. एकेक दिवस धाकटी विचारत गेली आणि ताई सांगत गेली. कालचा दिवस आला तेव्हा ताई म्हणाली, "काल सहाच."

"म्हणजे ते तू केलंस," धाकटी म्हणाली आणि उशी घेऊन आईच्या खोलीत गेली. पुढचे तीन दिवस ती ताईशी एक अक्षर बोलली नाही. मॅडमनी कोर्टवर सगळ्यांपुढे सांगितलं, "भित्री ही नाही. चूक माझी, मी माणूस न बघता कागद बघितला." टीमने ताईला ताई म्हणणं सोडलं. तोफही म्हणेनात. कशालाच हाक मारेनात.

फायनलला हॉल गच्च भरला होता. आई-बाबा तिसऱ्या रांगेत होते. बाबांना वाटत होतं मोठीचा पाय दुखतोय. आईला काय वाटत होतं ते ताईने विचारलं नाही. ताई बेंचच्या टोकाला वही घेऊन बसली. धाकटी पहिल्या पाचात उतरली, ताईच्या जागेवर, आणि ताईला ते बघवेना.

कारण पश्चात्ताप झाला म्हणून मत्सर जातो असं नाही. तो तिथेच होता, शेजारी बसल्यासारखा. धाकटीने डाव्या कोपऱ्यातून पहिला शॉट उचलला तेव्हा ताईच्या पोटातून आधी निघालं ते 'बाहेर जा'. मन आवरायच्या आधीच निघालं. बॉल रिंगवर नाचला आणि बाहेर पडला. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. तिने लिहिलं, बाहेर. दुसरा शॉट. पुन्हा तेच, 'बाहेर जा', आणि बॉल सरळ आत. लोक उठून ओरडले. ताईने लिहिलं, आत. मॅच संपेपर्यंत हे असंच चाललं. दर वेळी पोट एक म्हणायचं आणि हात जे झालं ते लिहायचा. तीन वर्षांच्या फेऱ्यांनी ती इतकी दमली नव्हती.

टीम चार गुणांनी जिंकली. सगळ्या धाकटीच्या अंगावर पडल्या, मॅडमसुद्धा लंगडत कोर्टात गेल्या. गर्दी जरा सुटल्यावर धाकटी बेंचकडे आली. तिने पाण्याची बाटली उचलली, अर्धी रिकामी केली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा ताईकडे बघून बोलली.

"कोपऱ्यातून किती?"

"नवातले सहा."

धाकटीने मान डोलावली. "बरोबर आहे. मीही मोजत होते."

"मॅडम म्हणतात ना, मोजायचं नाही..."

"माहितीये," धाकटी म्हणाली. "पण आता मी मोजणार."

एवढं बोलून ती बाटली ठेवून आई-बाबांकडे गेली.