कोंबडीच्या तंगडीपायी

काब्वेत माझं केस कापायचं दुकान आहे. दुकान म्हणजे आंब्याखाली एक खुर्ची, एक आरसा आणि मी, मसाउसो जेरे. मी न्गोनी जमातीचा. माझी निम्मी गिऱ्हाइकं बेम्बा जमातीची, आणि बेम्बा माणसाचे केस त्याला चार शिव्या हासडल्याशिवाय कापणं न्गोनीला शोभत नाही. आमच्या पणजोबांनी त्यांच्या पणजोबांना भाले मारले, त्यांनी परत मारले. पुढे दोघंही दमले, भाले ठेवले आणि तोंडं उघडली. तेव्हापासून आम्ही थट्टेचे भाऊबंद. मी त्यांना माकडखाऊ म्हणतो, ते मला उंदीरखाऊ म्हणतात. उंदीर आम्ही खातोच, आणि फार छान लागतात, पण तो विषय वेगळा. रागवायचं नाही हा एकच नियम. जो रागावला त्याचं हसं झालं.

आणि त्यांच्या घरात कुणी वारलं की आमच्यावाचून चालत नाही. रडणाऱ्यांना हसवायचं काम आमचं. शवपेटी उतरवायच्या आधी खणलेल्या खड्ड्यात जाऊन आडवं व्हायचं कामही आमचंच. "मला काहीतरी द्या, नाहीतर माझ्यासकट पुरा!" असं खालून ओरडायचं. मग द्यावंच लागतं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी भानगड एका खड्ड्यातच झाली.

चिसांगा आणि कासोन्दे हे सख्खे भाऊ, बेम्बा, माझे थट्टेचे भाऊबंद. चिसांगा थोरला, रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. कासोन्दे धाकटा, स्वतःची लॉरी चालवतो. आठ वर्षं दोघांचं बोलणं बंद. चर्चमध्ये एक खिडकीकडे बसायचा, दुसरा दाराकडे. प्रभुभोजनाच्या रांगेत एक पहिला असला की दुसरा शेवटचा, आणि मध्ये अख्खी मंडळी. केस कापायलाही एक शनिवारी सकाळी यायचा आणि दुसरा संध्याकाळी.

"आईला पुरताना ह्याला माझ्यासाठी तासभर थांबता आलं नाही," कासोन्दे म्हणायचा. "एक मूठ माती टाकायला मिळाली नाही मला."

"निरोप नाही, काही नाही, सगळं आटपल्यावर उगवला," चिसांगा म्हणायचा. "आणि वर कबरीपाशी चारचौघांत माझी अब्रू काढली."

"मान खाली घाल," मी दोघांनाही म्हणायचो आणि कात्री चालवायचो.

यंदा चिसांगा निवृत्त झाला आणि कासामाकडच्या आपल्या गावी कायमचा जायला निघाला. मंगळवारी सामान जायचं होतं. सख्ख्या भावाची लॉरी शेजारच्या गल्लीत उभी, आणि ह्याने परक्याची लॉरी ठरवली. सगळ्या वस्तीला वाईट वाटलं. दोघं साठीच्या पुढचे. आता गेला तर पुढची भेट कुणाच्यातरी मयतीलाच होणार, हे शाळेतल्या पोरांनाही कळत होतं.

मी ठरवलं, ह्यांची गाठ आपणच घालून द्यायची. शनिवारी दोघांना एकाच वेळी बोलावलं. चिसांगा आधी आला. त्याच्या डोक्याची उजवी बाजू मी गुळगुळीत केली आणि डावीला हात घालणार, तोच कासोन्दे आला.

"बस, बाकावर बस," मी म्हटलं. "ह्या माकडाची एकच बाजू राहिलीय."

चिसांगाने आरशात भावाला पाहिलं. अंगावरचं कापड ओढून फेकलं आणि तसाच चालू पडला. अर्ध्या डोक्यावर केस, अर्धं टक्कल. कासोन्देने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. हसत होता की काय होतं, मला पाठीमागून कळलं नाही.

संध्याकाळी चिसांगाची बायको, मुतालेची आई, तणतणत आली. "उंदीरखाऊ! उद्या हंगामाचा सण, आणि माझा नवरा चर्चमध्ये लोकरीची टोपी घालून बसणार! तुझ्या थट्टेने कधी कुणाचं भलं झालंय का रे?"

मी आंब्याखालची खुर्ची उचलली आणि दुकान आवरलं.

रविवारी मंडळी आपापलं दान घेऊन आली. मका, भोपळे, रताळी, भुईमूग. मी एक कोंबडा आणला होता, चांगला तांबडा, पाय बांधलेला. चिसांगा टोपी घालून खिडकीशी बसला होता, कासोन्दे दाराशी. पाळकबाई नोसिकू लहानशा आहेत, पण बोलायला लागल्या की छपराचा पत्रा थरथरतो. त्यांनी येशूची तीच शिकवण काढली: वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा, मग परत ये.

सगळ्यांच्या माना हळूच त्या दोघांकडे वळल्या. दोघेही भोपळ्यांकडे बघत बसले.

माझी मान मात्र वळेना. ही शिकवण मी आठ वर्षं ऐकत होतो आणि आठ वर्षं तिच्यातून पळवाट काढत होतो. माझ्या ह्या दोन थट्टेच्या भावांच्या मनात माझ्याविषयी काहीच नाही, असं मी देवाला सांगायचो. खरंच नव्हतं. कसं असणार? त्यांना माहीतच नव्हतं.

मी कोंबडा घेऊन वेदीपाशी गेलो, खाली ठेवला आणि मंडळीकडे वळलो.

"मला बोलायचंय," मी म्हटलं. लगेच चार-पाच जण हसले. माझं तोंड उघडलं की लोक आधी हसतात, मग ऐकतात.

"ह्यांच्या आईला पुरलं त्या दिवशी कासोन्देचा मला फोन आला होता. चिसांगाचा फोन त्या गडबडीत कुठेतरी हरवला होता. बस वाटेत बंद पडलीय, तासभर थांबा, दादाला सांग, असं म्हणाला. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी खड्ड्यात झोपतो, तू येईपर्यंत उठत नाही. आणि मी झोपलो. खालून ओरडलोसुद्धा, थांबा, कासोन्दे येतोय! तुम्ही सगळे हसलात. म्हणालात, जेरे आज भारी सोंग करतोय."

आताही सगळे हसले. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "आजही भारीच करतोयस!"

"अरे, खरं सांगतोय!" मी म्हटलं, आणि हशा दुप्पट झाला. "मी सकाळपासून उपाशी होतो. मुतालेच्या आईने वरून भाजलेली तंगडी दाखवली. आभाळ भरून आलं होतं. मी उठलो. चिसांगाला बाजूला घेऊन धड सांगितलंही नाही. एका तंगडीपायी मी तुमची आठ वर्षं खाल्ली."

बायका डोळे पुसत होत्या, पण हसून हसून. पाळकबाईंनीही तोंडावर हात धरला. जन्मभर लोकांना हसवलं, आणि खरं बोलायची वेळ आली तर कुणी विश्वास ठेवेना. मला रडू आलं. तेव्हा तर टाळ्या पडल्या.

मग मी आडवा झालो.

बेम्बा लोक आपल्या राजापुढे पाठीवर झोपतात, ह्या कुशीवरून त्या कुशीवर लोळतात आणि टाळ्या वाजवतात. न्गोनी माणूस बेम्बापुढे असं कधीच करत नाही. थट्टेतही नाही. जीव गेला तरी नाही, असं आम्ही पोराबाळांना शिकवतो. मी चर्चच्या सिमेंटवर पाठ टेकली, आधी खिडकीकडे लोळलो, मग दाराकडे, आणि टाळ्या वाजवल्या.

हसणं थांबलं. कोंबड्याच्या पंखांचा फडफडाट तेवढा ऐकू येत होता.

खिडकीकडून बाक करकरला. चिसांगा उठून माझ्या डोक्याशी येऊन उभा राहिला. "फोन खरंच आला होता?"

"आला होता."

त्याने टोपी काढली. त्या अर्ध्या टकलाला कुणी हसलं नाही. तो दाराकडे बघून म्हणाला, "कासोन्दे, तू निरोप धाडला होतास?"

आठ वर्षांतलं ते पहिलं वाक्य. कासोन्दे चालत आला. "दादा, मला वाटलं, जेरेने तुला सांगितलं, आणि कळूनसुद्धा तू थांबला नाहीस."

"मला कळलं असतं तर आठवडाभर थांबलो असतो रे. आईला कुठे घाई होती?"

दोघं एकमेकांना धरून रडले. मी खालीच होतो. थोड्या वेळाने दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"ह्याचं काय करायचं?" चिसांगाने विचारलं.

"दादा, तू डोक्याकडून धर."

त्यांनी मला उचललं, बाकांमधून वाजतगाजत बाहेर नेलं आणि भोपळ्यांच्या ढिगावर टाकून दिलं. पाळकबाई दारातून ओरडल्या, "जेरे, समेट झाला! आता परत ये आणि कोंबडा दे!" तोवर कोंबड्याने दोरी सोडवून घेतली होती आणि तो बाजाची पेटी वाजवणाऱ्याच्या डोक्यावर बसला होता.

मंगळवारी परक्याच्या लॉरीला नको म्हणून सांगितलं. चिसांगाचं सामान कासोन्देच्या लॉरीत चढलं, आणि लॉरी कासामाच्या रस्त्याला लागायच्या आधी कब्रस्तानात थांबली. मलाही नेलं होतं. कशाला, ते कुणी सांगितलं नव्हतं.

कबरीपाशी चिसांगाने बोट दाखवलं. "झोप."

"कुठे?"

"बाजूला. तेव्हा झोपला होतास तसा. तो येईपर्यंत उठणार नव्हतास ना? आता तो आलाय."

मी गवतात आडवा झालो. कासोन्देने मूठभर माती उचलली आणि तिथेच गुडघ्यांवर बसला. मूठ उघडेना. तो आईशी बोलायला लागला, हळू, मध्ये मध्ये थांबत. ऊन चढलं. माझ्या पाठीखाली मुंग्या होत्या, पोटात काही नव्हतं.

तेवढ्यात मुतालेच्या आईने प्रवासाचा डबा उघडला, भाजलेली तंगडी काढली आणि माझ्या नाकासमोर धरली.

"उठतोस, उंदीरखाऊ?"

तोंडाला पाणी सुटलं. मी डोळे मिटून घेतले आणि पडून राहिलो. किती वेळ ते मोजलं नाही. मग माती पडल्याचा आवाज आला, आणि मातीने भरलेल्या एका हाताने माझा हात धरून मला उठवलं.