जांभळ्या उजेडातली रांग

मित्रांनो, दिवाणखान्यात पसरलेला हा डाळिंबी गालिचा म्हणजे मी. आज माझ्यावर पाय ठेवलात तर मऊ वाटेल, नाक खाली आणलंत तरी लोकरीशिवाय कसला वास येणार नाही. पण मी जुना आहे आणि माझ्यावर जे घडलं ते आठवलं की अजून माझा धागा न् धागा शहारतो. तोंड नसणं किती वाईट, हे मला त्या दिवसांत कळलं.

माझा जन्म दोन बहिणींच्या मागावर झाला. थोरली गाठी मारायची, धाकटी लोकर कापायची आणि दोघी दिवसभर कचाकचा भांडायच्या. माझ्या किनारीवरची निळी वेल एका ठिकाणी जराशी तिरकी गेली आहे, ती अशाच एखाद्या भांडणात गेली असावी. पुढे मी दुकानात आलो. बरेच दिवस गुंडाळून उभा होतो. मग एक टेलर आणि त्यांची बायको आली. बायकोनं चप्पल काढली, माझ्यावर पाय ठेवला आणि म्हणाली, "हाच घ्यायचा."

"अगं, वेल वाकडी आहे बघ," टेलर म्हणाले.

"असू दे. तुमची टीपही कधी कधी वाकडी जाते."

झालं! मी त्यांच्या घरी आलो. हे टेलर म्हणजेच माझ्या गोष्टीतले आजोबा. पण तेव्हा ते काही आजोबा नव्हते. त्यांचा मुलगा माझ्यावर रांगला, माझ्यावर पडून त्यानं अभ्यास केला, मोठा होऊन औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिला. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. ती सतत स्वतःभोवती गोल फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणू लागले. पाहुणे आले की आधी माझं कौतुक व्हायचं, मग चहा.

माझी खरी काळजी घ्यायच्या त्या आजी. त्या मला गॅलरीत नेऊन उलटा झटकायच्या, अधूनमधून माझी दिशा फिरवायच्या, म्हणजे एकाच जागी झीज होऊ नये. काही सांडलं की सुती फडकं नुसतं दाबून ठेवायच्या. "चोळू नका हो," म्हणायच्या, "चोळलं की आत जातं." आजी गेल्या आणि मला फिरवणारं कुणी उरलं नाही. कुणी वाईट नव्हतं, मित्रांनो. सगळ्यांना कामं होती, एवढंच.

आजोबांनी दुकान बंद केलं, तेव्हा दुकानाच्या पायरीवरचं एक पिल्लू त्यांच्या मागोमाग घरी आलं. काळं, गोल, टणक. आजोबांनी त्याचं नाव ठेवलं बटण. खिडकीजवळ, माझ्या एका कडेला आजोबांची वेताची खुर्ची होती. आजोबा खुर्चीत, बटण त्यांच्या पायाशी आणि दोघांच्या खाली मी. अशी आमची कितीतरी वर्षं गेली. या काळात बटणनं माझ्यावर एक थेंबही कधी सांडला नाही. बाहेर जायचं असलं की तो दारापाशी जाऊन एकदाच भुंकायचा. शिस्तीचा कुत्रा!

मग एका दुपारी ते घडलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. आजोबा खुर्चीतून उठायला लागले. गुडघे साथ देईनात. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, अर्धवट उठले आणि माझ्यावर काहीतरी गरम पडलं.

मला आधी वाटलं, चहा. पण चहा नव्हता.

आजोबा तसेच उभे राहिले. मग बाथरूमकडे निघाले, आणि एकेका पावलाला एकेक थेंब माझ्यावर पडत गेला. मी हादरलो. डागानं नव्हे, मित्रांनो, माझ्यावर आयुष्यात काय काय सांडलं आहे! मी हादरलो ते आजोबांच्या चेहऱ्यानं. परत येऊन ते कसेबसे खाली बसले आणि स्वतःच्या रुमालानं मला चोळायला लागले. जोरजोरात. आयुष्यभर आजींचं ऐकलेला माणूस, आणि चोळत होता. वर त्यांनी कपडे धुण्याची पावडर टाकली. पावडर माझ्या मुळाशी जाऊन बसली, तिच्याबरोबर तो ओलावाही.

संध्याकाळी मुलगा आला. दारातच थबकला.

"कसला वास येतोय?" तो वाकला, त्यानं ओल्या जागी हात लावला, हुंगला. "बटण! इकडे ये!"

बटण शेपूट हलवत आला. मुलानं त्याची मान धरून त्याचं नाक माझ्यावर दाबलं. "हे काय केलंस? हे काय आहे?"

मला वाटलं, आता आजोबा बोलतील. मी वाट पाहिली. आजोबा खिडकीबाहेर बघत होते. ते बोललेच नाहीत! माझा विश्वासच बसेना. ज्यांच्या मागोमाग तो जीव पायरी सोडून आला, तेच गप्प?

त्यानंतर हे पुन्हा झालं. आणि पुन्हा. प्रत्येक वेळी बटणला बोलणी बसली, आणि एकदा गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा फटकाही. तो मला चुकवून भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागला. माझ्यावर पाय टाकला की मार बसतो, असंच त्याला वाटत असणार. शेवटी एका सकाळी मुलगा त्याच्या गळ्यात पट्टा अडकवत म्हणाला, "बास झालं. ज्याला घरात राहायचं कळत नाही, त्यानं घरात राहू नये. वखारवाल्या मित्राकडे सोडतो याला. लाकडं राखेल."

भिंगरी रडून रडून हैराण झाली. सून म्हणाली, "अहो, म्हातारा झालाय तो. एकदा डॉक्टरांना तरी दाखवू."

"कुणाकुणाला डॉक्टर करायचे?" मुलगा म्हणाला. दिवसभर आजारी माणसांत उभं राहून तो थकलेला असे, हे मीही पाहत होतो. पण ते वाक्य बोलताना आजोबा त्याच्या पाठीमागे होते. त्यांनी खुर्चीचा हात गच्च आवळला आणि खुर्ची कणभर सरकली. खुर्चीचे पाय माझ्यावरच टेकलेले, म्हणून ते फक्त मलाच कळलं.

बटण गेला. आणि मग आजोबांनी पाणी पिणं सोडलं.

सून सकाळी तांब्याभर पाणी त्यांच्याजवळ ठेवायची. सगळे गेले की आजोबा ते खिडकीतल्या कुंडीत ओतायचे. प्यायचं नाही, म्हणजे जायला लागणार नाही, असा त्यांचा हिशेब. कुंडीतलं झाड तरारलं आणि आजोबा सुकले. ओठ फुटले. उठताना भोवळ यायला लागली. त्यातूनही थेंब पडायचेच. मी खाली पडल्या पडल्या सगळं बघत होतो. आरडाओरडा करावासा वाटत होता, पण लोकरीला कुठला आवाज?

एके दिवशी सून माझ्याशेजारी बसून म्हणाली, "मला एक कळत नाही. कुत्रा जाऊन इतके दिवस झाले, मग वास जात का नाही?"

"मुरलाय," मुलगा म्हणाला. "टाकून देऊ गालिचा."

टाकून देऊ! मित्रांनो, मी तिथल्या तिथे गार पडलो.

"आईंचा गालिचा आहे तो," सून म्हणाली. "आधी एखाद्या जाणकाराला बोलवून धुवून घेऊ. नाहीच गेला वास, तर मग बघू."

म्हणून मुलाच्या सुट्टीच्या दिवशी गालिचे धुणाऱ्या ताई आल्या. सून भिंगरीला घेऊन दात दाखवायला गेली होती. आजोबा गॅलरीत बसले होते. ताईंनी आपलं पाण्याचं मशीन आत ओढून आणलं आणि सगळ्यात आधी माझी एक कड उलटी केली. पाठीला हात लावून बघितलं. ओला पांढरा कपडा दाबून रंग सुटतो का ते पाहिलं.

"रंग पक्का आहे, दादा. काम होईल. फक्त डाग कुठवर गेलेत ते बघू द्या. पडदे ओढता का जरा?"

भरदुपारी खोलीत अंधार झाला. ताईंनी पिशवीतून एक छोटी बॅटरी काढली. तिचा उजेड जांभळा होता.

"हे निळसर पांढरं दिसतंय ना, ही साबणाची पावडर. धुतलीच गेली नाही. आणि हे पिवळट चमकतंय, ते…"

त्या मध्येच थांबल्या.

मलाही माझं अंग पहिल्यांदाच असं दिसत होतं. खुर्चीसमोर एक मोठा पिवळट डाग. तिथून एक ठिपका. मग थोडी मोकळी जागा. मग पुढचा ठिपका. माणसाच्या पावलाएवढ्या अंतरावर, एकामागे एक. अशी रांगच्या रांग माझ्या अंगावरून थेट बाथरूमच्या दाराकडे गेली होती. किती दिवसांच्या किती रांगा एकमेकींवर पडलेल्या! सगळ्या लकाकत होत्या आणि सगळ्यांचं तोंड एकाच दाराकडे होतं.

ताईंनी बॅटरी विझवली. "पडदे उघडते हं," त्या हळूच म्हणाल्या.

"थांबा." मुलगा पडद्यापुढे आडवा आला. "परत लावा."

"दादा, राहू दे ना. मी धुते."

"लावा, ताई."

जांभळा उजेड पुन्हा पडला. मुलगा त्या रांगेच्या कडेनं चालत गेला. बाथरूमच्या दाराशी पोचला आणि वळून खुर्चीकडे बघत राहिला. तेवढ्यात गॅलरीचा दरवाजा सरकला. आजोबांना बाथरूमला जायचं होतं, म्हणून ते घाईघाईनं आत आले आणि समोरचं बघून जागच्या जागी थिजले. इतके दिवस जे त्यांनी रुमालानं चोळून चोळून लपवलं, ते सगळं जमिनीवर चमकत होतं.

मग आजोबा हसल्यासारखं करून म्हणाले, "काय रे या बटणनं करून ठेवलंय!"

माझ्या अंगावर काटा आला. मुलानं खाली बघितलं. "हो" म्हणून मोकळं होता आलं असतं त्याला. पण तो आजोबांजवळ गेला.

"बाबा, मला का नाही सांगितलंत?"

आजोबांचे ओठ हलले. "तूच म्हणालास ना… ज्याला घरात राहायचं कळत नाही, त्यानं घरात राहू नये. बटण गेला. मला वाटलं, आता माझी पाळी."

मुलगा मटकन खालीच बसला. माझ्यावरच. त्या डागावरच. "मी कुत्र्याला म्हणालो होतो हो, बाबा," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "दुकानात रोज तुमच्या वयाची माणसं येतात. चारचौघांत सांगायला लाजतात, कानात सांगतात. मी त्यांना म्हणतो, काका, यात लाजायचं काय, यावर उपचार आहेत. आणि माझ्या घरात…"

ताई गुपचूप स्वयंपाकघरात गेल्या, पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि आजोबांपुढे धरला. "प्या, काका. अजून धुवायचा बाकीच आहे गालिचा. आता सांडलं तरी माझंच काम."

आजोबा गटागटा पाणी प्यायले. मग मुलानं त्यांना हाताला धरून बाथरूममध्ये नेलं.

त्या दिवशी ताईंनी मला धुतलं. आधी दोन्ही बाजूंनी धूळ ओढून काढली, मग डागांवर औषध घालून मुरू दिलं, मग मशीननं स्वच्छ पाणी सोडत तेच पाणी लगेच ओढून घेतलं. टाकीत जे काळंकुट्ट पाणी जमलं ते बघून मीच चक्रावलो. एवढं सगळं माझ्या पोटात होतं? शेवटी पंखा लावून त्यांनी मला सपाट पसरून वाळवलं.

डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेट वाढलंय, आणि पाणी तोडल्यामुळे शक्ती गेलीय. गोळ्या सुरू झाल्या. वेताची खुर्ची जाऊन उठायला सोपी, उंच खुर्ची आली. बाथरूमच्या वाटेवर धरायला दांडा बसला. कधी सांडलं तर आजोबा स्वतःच हाक मारायचे, "अगं सूनबाई, फडकं आण गं," आणि सून येऊन फडकं दाबून ठेवायची.

पण मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपत नाही. मुलगा वखारीतून बटणला घेऊन आला. तो वाळला होता, पाठीवर लाकडाचा भुसा चिकटला होता. भिंगरी धावली. बटण दारातून आत आला, माझ्या कडेपर्यंत आला आणि थांबला. एक पाऊल पुढे टाकेना. भिंगरीनं हाका मारल्या, सुनेनं बिस्कीट दाखवलं. तो पाय अंगाखाली घेऊन उघड्या फरशीवर बसला आणि थरथरायला लागला. तो मला घाबरत होता. मला! ज्याच्यावर तो आयुष्यभर झोपला, त्या मला!

आजोबा उठले. दांड्याला धरून, मग मुलाच्या खांद्याला धरून ते माझ्यावरून चालत गेले आणि मला ओलांडून पलीकडे फरशीवर, त्याच्याशेजारी बसले. त्यांनी त्याच्या पाठीवरचा भुसा झाडला.

"तू नव्हतास रे," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "मी होतो. मार तू खाल्लास आणि मी गप्प बसलो."

बटणनं त्यांचा हात चाटला, पण माझ्यावर काही तो आला नाही. मग मुलगाही फरशीवर बसला. सून बसली, भिंगरी बसली. मी धुतलेला, मऊ, लखलखीत असा समोर पसरलेला होतो, आणि सगळं घर मला सोडून गार फरशीवर दाटीवाटीनं बसलं होतं. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, घरातल्या गालिच्याला जपा. काही सांडलं तर चोळू नका, टिपून घ्या. अधूनमधून जाणत्या हातांकडून धुवून घ्या. पण एक विनंती त्याहून मोठी आहे. डाग दिसला की "कुणी केलं?" असं ओरडू नका. ज्यानं केलं असेल, तो जवळपासच कुठेतरी तुमचं बोलणं ऐकत उभा असतो.