अनसूया मॅडमचा चेहरा

बी.कॉम. होऊन वर्ष उलटलं तरी आल्हादला नोकरी लागेना, तेव्हा भय्यासाहेबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्याला टावर चौकातल्या एका कम्प्यूटर क्लासमध्ये घातलं. नव्व्याण्णव साल होतं. फ्रीगंजच्या बाजारात जागा रिकामी झाली की तिथे एक तर एसटीडी बूथ निघायचा नाही तर कम्प्यूटर क्लास. बाकीची पोरं हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकत. आल्हादला मात्र कोरल ड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरची गोडी लागली.

ते शिकवायला विलास सर इंदूरहून यायचे. फोटो स्कॅन करून पडद्यावर खाली ठेवायचा आणि त्याच्यावर माउसनं रेघा ओढत चेहरा नव्यानं बांधायचा. कपाळाचा उजळ भाग हा एक तुकडा, गालावरची सावली हा दुसरा, ओठांचे दोन. प्रत्येक तुकड्यात एकच सपाट रंग. असं चित्र भिंतीएवढं मोठं केलं तरी फाटत नाही, हे सरांनी त्याला वाढवून दाखवलं होतं.

"तुकडे जितके कमी, तितका चेहरा साफ," सर म्हणायचे. "जे नको ते काढून टाक. डरू नकोस."

आल्हादचे सुरुवातीचे चेहरे मुखवट्यासारखे व्हायचे. नाक बटाट्यासारखं, डोळे काचेच्या गोट्या. पण दिवाळीपर्यंत हात बसला. शेजारचे लोक आपापले फोटो घेऊन यायला लागले आणि उषाताई, त्याची आई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागली की आमचा आल्हाद कम्प्यूटरवर माणसं काढतो.

त्याच हिवाळ्यात अनसूया आत्या रिटायर होणार होती. ही भय्यासाहेबांची मोठी बहीण. लग्न झालं नव्हतं, यांच्याच घरी राहायची आणि माधव नगरातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. आत्याला कोड होतं. कॉलेजात असताना ओठाच्या डाव्या कोपऱ्यात सुरू झालं, ते आता हनुवटीभर, अर्ध्या गळ्यावर आणि डाव्या डोळ्याभोवती पसरलं होतं. घरात त्याबद्दल कुणी कधी बोलत नसे.

शाळेनं ठरवलं, मॅडमचं मोठं चित्र हॉलमध्ये लावायचं. प्राचार्यांनी आत्यालाच विचारलं, "आपका भतीजा बनाता है ना?"

"बनव बाबा," आत्या जेवताना म्हणाली. "फक्त मला हसती दाखवू नकोस. मुली ओळखायच्या नाहीत."

गणपतीतल्या एका फोटोत ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. आल्हादनं तोच घेतला. केस, चष्मा, साडीचा काठ, सगळं मन लावून केलं. कोडाचे पांढरे तुकडे सगळ्यात शेवटी काढले. खरं तर तेच सगळ्यात सोपे होते. त्यांच्या कडा स्वच्छ होत्या, रंग एकच. पण ते भरले आणि तो खुर्चीत मागे रेलून बघायला लागला, तर त्याला आत्या दिसेनाच, नुसते डागच दिसायला लागले. वर्षानुवर्षं हे भिंतीवर राहणार. येणारे पालक बघणार. त्यानं ते तुकडे निवडले आणि डिलीट दाबलं. खालच्या जागेत गालाचा रंग भरला.

चित्र सुरेख दिसायला लागलं. विलास सरांनी खांद्यावर थाप मारली, "वा, अब हुआ क्लीन!"

छपाई इंदूरला झाली. फ्रेम करून चित्र घरी आलं तेव्हा आत्या शाळेत होती. तिला सरप्राइज द्यायचं ठरलं होतं. उषाताई हात जोडून म्हणाली, "ताई अगदी देवीसारख्या दिसताहेत हो." भय्यासाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. चित्रातून काय गेलंय ते दोघांनाही दिसत होतं.

समारंभात पडदा ओढला गेला, टाळ्या वाजल्या. आत्यानं मान वर करून चित्राकडे पाहिलं, चष्मा नीट केला आणि वळून लोकांना नमस्कार केला. भाषण छोटंसंच केलं. मग खाणंपिणं सुरू झालं. आल्हाद कचोरीची प्लेट घेऊन तिच्या मागेच उभा होता, तेव्हा सहावीतली एक मुलगी तिच्यापाशी आली.

"मैडम, ये आपकी छोटी बहन हैं?"

आत्यानं एक क्षण तिच्याकडे पाहिलं. "हाँ बेटा," ती म्हणाली. "ऐसा ही समझ लो."

आल्हादच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हातातली प्लेट कुठे ठेवावी ते त्याला सुचेना. येणारा प्रत्येक शिक्षक "बहुत सुंदर बनाया" म्हणून पाठ थोपटत होता, आणि दर थापेसरशी आपण आणखी बुटके होतोय असं त्याला वाटत होतं.

स्कूटरवर मागे बसून घरी येताना आत्या एवढंच म्हणाली, "हळू घे, पुढे ब्रेकर आहे."

पुढचे दिवस ती नेहमीसारखीच होती. आल्हादला मात्र तिच्यासमोर जेवायला बसवेना. लहानपणापासून तो रोज तिच्या समोरच्या पाटावर जेवत आला होता, आणि इतकी वर्षं आपण तिच्याशी बोलताना ताटाकडे बघत होतो हे त्याच्या आता ध्यानात आलं. त्यामागून आणखी एक गोष्ट वर आली. गेल्या वर्षी त्याच्या बहिणीला, मानसीला, बघायला मंडळी येणार होती. त्या सकाळी आत्या म्हणाली, शाळेत काम आहे. त्यानंच तिला स्कूटरवर सोडलं होतं. रविवार होता. शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. "तू जा, चपरासी येईल इतक्यात," असं ती म्हणाली आणि तो आला होता निघून. घरी कुणीच काही विचारलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी तो तिच्या खोलीत गेला. ती मटार सोलत बसली होती.

"आत्या, मी चुकलो."

"काय चुकलं?"

"ते चित्र."

"चित्रात काय चुकलं? नीट सांग." वर्गात फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलीला विचारावं तसं ती विचारत होती.

तो मटारच्या ढिगाकडे बघत होता. "ते… डाग."

"कोड म्हणतात त्याला. या घरात कुणी उच्चारत नाही म्हणून त्याचं नाव बदललेलं नाही." तिनं शेंग मोडली. "नोकरीला लागले तेव्हा मुली माझ्या हातून वही घ्यायच्या नाहीत. एकीची आई तक्रार घेऊन आली, हिला काढा म्हणून. मी वर्गात जाऊन उभी राहिले. म्हटलं, आज गणित नाही. आज हा पूरा पीरियड मला बघून घ्या, जवळ येऊन बघा, काय विचारायचं ते विचारा. उद्यापासून मात्र फळ्याकडे बघायचं. बघितलं पोरींनी. मग शिकल्या. त्यानंतर त्या शाळेत मला कधी तोंड लपवावं लागलं नाही. तिथल्या भिंतीवर तू ते पुसून टाकलंस."

आल्हाद रडायला लागला. तिनं त्याला गप्प केलं नाही.

"मी परत बनवतो," तो म्हणाला. "नवा फोटो काढू दे."

"का? तुला बरं वाटावं म्हणून? तेवढ्यासाठी मी फोटोला बसणार नाही."

आल्हाद उठून बाहेर आला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. प्राचार्यांच्या खोलीत आणखी दोन शिक्षिका बसल्या होत्या. त्यानं चित्र परत मागितलं.

"क्यों? इतनी अच्छी तो बनी है."

"ग़लत बनी है, मैडम." तो म्हणाला. "मैंने बुआजी के चेहरे से सफ़ेद दाग हटा दिए थे."

"वो तो अच्छा ही किया, बेटा. कौन देखना चाहता है?"

दोघी शिक्षिकांनी माना हलवल्या. त्या क्षणी हो म्हणून निघून जाणं किती सोपं होतं! आणि आपणही हेच म्हणालो होतो, फक्त तोंडानं नाही, हे त्याला कळलं.

"मुझे शर्म आ गई थी, इसलिए हटाए," तो म्हणाला. "उनको कभी शर्म नहीं आई. वो चेहरा उनका नहीं है. कृपा करके उतरवा दीजिए."

प्राचार्या बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिल्या. मग त्यांनी चपराशाला हाक मारली.

चित्र चादरीत गुंडाळून त्यानं माळ्यावर टाकलं. आईवडिलांनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. उषाताई म्हणाली, "लोकांसमोर असं बोलायची काय ज़रूरत होती?" भय्यासाहेब उठून बाहेर गेले.

आत्याला त्यानं स्वतः काही सांगितलं नाही, पण तिला शाळेतून कुणाकडून तरी समजलं असावं. संक्रांत झाल्यावर एका सकाळी ती टावर चौकातल्या क्लासचा जिना चढून आली. धाप लागली होती. विलास सरांनी खुर्ची दिली, ती तिनं स्वतःच खिडकीपाशी ओढली.

"इथे उजेड बरा आहे. काढ फोटो," ती म्हणाली. "आणि बनवशील तेव्हा मी शेजारी बसणार. मला बघायचंय कसं करतात."

फोटो धुऊन आल्यावर आल्हादनं चित्र करायला घेतलं. ती रोज यायची. केस झाले, चष्मा झाला. ओठापाशी आल्यावर त्याचा हात अडला.

"थांबलास का?"

"नीट दिसत नाही."

"मग स्क्रीनवर कशाला बघतोस? मी इथे बसलेय ना."

तो खुर्ची फिरवून तिच्याकडे बघायला लागला. हनुवटीवरची कड सरळ नव्हती, नदीच्या काठासारखी आतबाहेर होत गळ्याकडे उतरत होती. डोळ्याखाली मूळ रंगाचे दोन ठिपके बेटांसारखे उरले होते. इतक्या वर्षांत ते त्यानं कधी पाहिले नव्हते. त्याची मान परत परत खाली जात होती आणि आत्या दर वेळी फक्त "हं" करत होती, की तो पुन्हा वर बघायचा.

मार्चमध्ये नवं चित्र लागलं. या वेळी ना पडदा, ना टाळ्या. मधल्या सुट्टीतल्या मुली येताजाता थांबल्या, "अनसूया मैडम!" म्हणाल्या आणि पळाल्या. प्राचार्या आल्हादला म्हणाल्या, "बड़ी हिम्मत का काम किया तुमने." ते ऐकून तो इतका ओशाळला की सरळ जिना उतरून स्कूटरपाशी येऊन उभा राहिला.

आत्या मागून आली.

"नाक जरा मोठं केलंयस," ती म्हणाली.

"कमी करू?" त्यानं किक मारता मारता विचारलं, समोर बघतच.

"माझ्याशी बोलतोयस ना? मग इकडे बघून बोल. रस्ता नंतर बघ."

आल्हादनं स्कूटर बंद केली आणि वळून तिच्याकडे पाहिलं. अजूनही जड जात होतं.

"कमी करू का, आत्या?"

"नको," ती म्हणाली. "आहेच तेवढं. चल आता, ऊन वाढलंय."