म्हसोबाच्या कोंबड्याचा पाय

"तोंडाकडं काय बघतीस? उलटी धर, पाय बघ. बोटाबोटातनं बघ."

कोंबडी विकत घ्यायची असो, कुणाला द्यायची असो, की नुसती गप बसलेली दिसो, माझी आई कडूबाई हेच सांगायची. माझं माहेर पाथर्डीकडचं. दिवाळीनंतर आमची बिऱ्हाडं ऊसतोडीला निघायची, त्यांच्यासोबत कोंबड्याही निघायच्या. ट्रकमध्ये चढवायच्या आधी आई एकेक कोंबडी काखेत धरायची, पाय बघायची. काटा मोडलेला असला तर काढायची, पायाचे खवले उचललेले दिसले की करंजाचं तेल चोळायची. "आपून पायात चपला घालतो," म्हणायची, "त्येंला कोन घालनार?"

त्या दिवशी सकाळी तिचा आवाज कानात होता आणि माझं तोंड बंद होतं. माझा नेम आहे तसा. उठल्यापासून ते अंघोळ, तुळशीला पाणी आणि देवापुढे दिवा होईपर्यंत मी बोलत नाही. पारनेरकडच्या या घरात सून म्हणून आले तेव्हा धरला, तो कधी मोडला नव्हता. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. खुराडं उघडण्याचं काम त्याच मुक्या वेळातलं.

दार काढलं तशा कोंबड्या फडफडत अंगणात आल्या. लाल दोऱ्याचा कोंबडा तेवढा आत दांडीवरच राहिला. एक पाय पोटात ओढून घेतलेला, डोळे अर्धे मिटलेले.

हा कोंबडा आमचा नव्हता, म्हसोबाचा होता. भादव्यात माझी पुतणी ज्ञानेश्वरी तापाने फणफणली. सलाइन लावली, रक्तातल्या पेशी कमी झाल्या, डॉक्टर नीट काही सांगेनात. तेव्हा तिच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या जावेने, सविताने, दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून म्हसोबाला नवसाचा कोंबडा बोलला. पोर घरी आली. सविताने खुराड्यातलं सगळ्यात देखणं नर पिल्लू निवडलं आणि त्याच्या पायात लाल दोरा बांधला. आमच्याकडे दोरा बांधला की ते जनावर देवाचं. कुणी विकत नाही, कुणी मारत नाही, आणि दोराही सोडत नाही. चैत्रातल्या जत्रेला तो देवापुढेच सुटतो. याला दाणाही सविताच घालायची. बाकी कुणी हात लावायचा नाही, असं तिने बजावलं होतं.

मी हात घातला आणि त्याला बाहेर काढलं. काखेत धरलं, उलटा केला.

दोरा दिसेना.

बोटाने चाचपलं तेव्हा कळलं. दोरा कातडीच्या आत गेला होता. वर सूज, खाली सूज, आणि मधल्या खाचेत गाठीचं एक लाल टोक. सुताचा असता तर पावसात कुजून गळूनही गेला असता. पण चैत्रापर्यंत टिकावा म्हणून सविताने हारवाल्याकडून नायलॉनचा आणला होता. बांधला तेव्हा पाय होता पेन्सिलीएवढा. पाय वाढला, दोरा कसा वाढणार? खालची बोटं काळसर पडली होती, त्यातलं बाहेरचं एक तर गार लागलं. जवळ नेलं तर वास आला.

मग दुसरा पाय पाहिला. सगळा भार त्या एकाच पायावर. आणि दिवाळीला माझ्या दिराने, कानिफनाथने, अंगणभर सिमेंटचा कोबा केलेला, चिखल नको म्हणून. उंच दांडीवरून रोज त्या कोब्यावर उडी. तळव्याच्या मधोमध कुरुपासारखी काळी खपली धरली होती आणि भोवती कढत गाठ.

मी आत जाऊन शिलाई मशीनवरची कात्री आणि सुई आणली. ओट्यावर बसले, कोंबडा मांडीत घेतला. तेवढ्यात सविता खराटा घेऊन आली. माझ्या हातातली कात्री बघितली आणि खराटा टाकून तिने माझं मनगटच धरलं.

"आक्का! डोकं फिरलं का तुमचं? देवाचा दोरा हाय त्यो!"

मी तिला पाय दाखवला. वास येईल इतका जवळ धरला.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "बघितलंय मी. पर चैताला आता किती ऱ्हायलंय? तवर कड निघंल."

म्हाईत हाय! म्हणजे रोज दाणा घालताना हिला दिसत होतं. मी हात सोडवायला गेले, तिने आणखी घट्ट धरलं.

"अख्खा गाव तुमाला इचारून उपास धरतो, आन् तुमीच देवाचा दोरा कापता? माझ्या पोरीवर उठला का तुमी?"

"सोड," मी म्हणाले.

तुळशीला पाणी घातलं नव्हतं. दिवा लागला नव्हता. माझा आवाज मलाच परका वाटला. तो चढला नव्हता, माझा आवाज चढतच नाही, पण सविताचे डोळे मोठे झाले आणि हात आपोआप सुटला.

"बोल्लात तुमी," ती पुटपुटली. "दिवा न्हाई अजून, आन् बोल्लात."

"हो. बोलले. आता त्याचे पंख धर, नाहीतर कात्री लागेल."

तिने धरले नाहीत. तोंडाला पदर लावून उभी राहिली. मी कोंबडा गुडघ्यांत दाबला, सुईने दोऱ्याचं टोक उचललं आणि कात्रीचं टोक खाली सारून तो कापला. दोरा ओढून काढताना तो एकदाच ओरडला. असा, की कोब्यावर दाणे टिपणाऱ्या कोंबड्या जागच्या जागी थांबल्या.

आवाज ऐकून कानिफनाथ दात घासत बाहेर आला. कोंबडा बघितला, बायकोचा चेहरा बघितला, आणि हसलाच.

"काय वैनी, चैतात मान कापायचीच हाय त्येची. पायाचं एवढं काय घिऊन बसलाय?"

"चैत्र चैत्रात, कानिफ. दुखतंय आज."

"कोंबड्याला काय कळतंय."

"मग एक पाय पोटात घेऊन का उभा होता? नेम होता त्याचा?"

त्याने चूळ थुंकली. माझ्याकडून असं उत्तर त्याला सवयीचं नव्हतं. मीठ घातलेल्या कोमट पाण्यात मी कोंबड्याचे दोन्ही पाय बुडवून बसले होते, तोवर हा मोरीपाशी उभा राहून विचार करत होता. मग म्हणाला, "आता तर दोराबी गेला. आन् असला खोडीचा कोंबडा म्हसोबाला चालतबी न्हाई. असं करू, ह्यो सुप्याच्या ढाब्यावाल्याला दिऊन टाकू. बाजारातनं दुसरा आनू, त्येला दोरा बांधू. देवाला काय, कोंबडा मिळाल्याशी मतलब."

"व्हय," सविता म्हणाली. "ते बरं ऱ्हाईल."

तेव्हा जो राग आला तो मला आजही नीट मांडता येत नाही. या पायाला वास सुटेपर्यंत हा देवाचा होता म्हणून कुणी बोट लावलं नाही. आणि दोरा निघाल्याबरोबर ढाब्याचा झाला? मग मधल्या मधे जे सोसलं ते कुणाच्या खात्यावर? देवाच्या? देवाने सांगितलं होतं नायलॉन बांधा म्हणून?

मी हे सगळं बोलले. हळूच बोलले. कानिफनाथ मान खाली घालून ब्रश धूत बसला. सविता मात्र एकदम खालीच बसली, कोब्यावर, आणि रडायला लागली.

"तुमाला काय जातंय बोलायला. रातभर पोरीच्या कपाळाला हात लावून बसलीय मी. परत ताप आला तर? दोष कुनाला लागंल? सांगा ना, कुनाला?"

तिची भीती मला कळत होती. त्या जिन्यात मीही तिच्या बाजूला उभी होते. पण आपली भीती अशी दुसऱ्याच्या पायात बांधून मोकळं व्हायचं, आणि त्याने ती वागवत एका पायावर उभं राहायचं? ते मला मान्य नव्हतं, आणि नाही.

"मला लागेल," मी म्हणाले. "कापलाय मी, तर दोषही माझाच. ऐक, सविता. हा ज्या दिवशी दोन्ही पाय टेकून चालेल, त्या दिवशी हा दोरा घेऊन मी म्हसोबाकडे जाईन आणि तोंडाने सांगेन, की सविताने नाही, सत्यशीलाने कापला. तोवर याला कुणी विकायचं नाही. आणि दुसऱ्या कुणाच्या पायात दोरा बांधायचा नाही."

"आन् पोरीला काय झालं तर?"

"तर माझ्या तोंडावर मला शिव्या घाल."

बोलल्याचं प्रायश्चित्त म्हणून त्या दिवशी मी पाण्यावर राहिले. पण खरं सांगते, पश्चात्ताप काही झाला नाही.

बाजाराच्या दिवशी कोंबडा पिशवीत घालून पारनेरच्या जनावरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी दोन्ही पाय उलटेसुलटे करून पाहिले. तळव्याची खपली नखाने किंवा ब्लेडने उकरू नका म्हणाले. रोज कोमट पाण्यात भिजवा, मऊ झाली की आपोआप सुटेल, मग मलम लावून वर कापसाची गादी करून पट्टी बांधा, पण घट्ट नको. "पट्टीचाच पुन्हा दोरा होईल," म्हणाले. गार पडलेलं बोट बहुतेक जाईल, हेही त्यांनी सांगून ठेवलं.

घरी येऊन मी दांडी काढली आणि पार खाली, वीतभर उंचीवर लावली. बाभळीची खडबडीत होती, तिच्यावर पोत्याचं कापड गुंडाळलं. खुराड्यात भुसा टाकला, ओला झाला की बदलायचा. कोब्यावर काय करावं ते सुचेना. कानिफनाथने एवढा खर्च करून केलेला, तो काही फोडू देणार नव्हता. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर खुराड्यापुढच्या कोब्यावर माती पसरलेली होती, घमेलंभर नव्हे, चांगली पावलं रुतावीत इतकी. शेजारी सविताचं पाटी-फावडं. आमचं बोलणं त्या दिवसापासून बंदच होतं. फक्त संध्याकाळी मी पाणी तापवायला चुलीपाशी गेले की पातेलं आधीच तापलेलं असायचं, मीठ घातलेलं.

एवढ्याने माझा राग गेला असं कुणी समजू नये. पातेल्यात त्याचा पाय धरला की रोज तो नव्याने यायचा. दोऱ्याच्या जागी मांसात खोल वळं होतं, पाणी लागलं की कोंबडा थरथरायचा, आणि मी मनातल्या मनात सगळ्यांना धरून झोडायचे. सविताला, कानिफला, हारवाल्याला. पोथी वाचायला बसले तरी ओळीवरून नजर सरकायची ती त्या पायावरच जायची. देवापुढे राग घेऊन बसू नये म्हणतात. मी बसले. त्याला न दाखवून काय करणार होते?

सूज उतरली. काळं पडलेलं बोट एक दिवस भुशात गळून पडलेलं सापडलं. मी ते तुळशीपाशी नाही, कडुनिंबाच्या बुडाशी पुरलं. तळव्याची खपली टोपणासारखी सुटून आली आणि खाली गुलाबी कातडी दिसली. बाकीच्या कोंबड्यांचेही पाय मी हातासरशी बघून घेतले. दोघींचे खवले उचललेले होते, त्यांना करंजाचं तेल लावलं. ज्ञानेश्वरी शाळेतून आली की लांबून बघायची. एकदा जवळ येऊन म्हणाली, "काकू, माझ्यामुळं तुटलं का गं त्याचं बोट?"

"नाही गं बाई," मी म्हणाले. "दोऱ्यामुळं."

ती चांगली होती. ताप नव्हता, खोकला नव्हता. सविता तरी रोज तिच्या कपाळाला हात लावायचीच.

माघात ज्वारीची काढणी झाली. अशाच एका सकाळी मी खुराडं उघडलं. कोंबड्या बाहेर पडल्या. लाल दोऱ्याचा कोंबडा, आता बिनदोऱ्याचा, दांडीवरून खाली उतरला. मातीत उभा राहिला. एक पाय टाकला, थांबला. दुसरा टाकला. मग अंगणभर चालत गेला, जरा वाकडा, तुटक्या बोटाच्या बाजूला झुकून, आणि उकिरड्यावर चढून आरवला.

ओसरीत सविता भाकरीचं पीठ चाळत होती. तिने बघितलं. चाळण हातातच राहिली.

मी बोलले नाही. अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला. देवळीतून तो दोरा काढला, धुऊन ठेवलेला, तरी गाठीपाशी काळाच. पदराच्या टोकाला बांधला.

"आक्का," दारातून सविता म्हणाली. किती दिवसांनी हाक मारली होती. "काय सांगनार म्हसोबाला?"

"ठरलंय ते. मी कापला म्हणून."

"आन् कोंबड्याचं? चैताचं?"

"तेही विचारते. बोट तोडून घेतलंस, आता मानही पाहिजे का, म्हणून."

तिने गपकन तोंडावर हात ठेवला. मग हात खाली आला. "नवस मी बोल्लीय त्याला," ती म्हणाली. "जिता सोडला तर चालंल का, तेबी इचारा." आणि पुन्हा पीठ चाळायला लागली, आधीपेक्षा जोरात.

म्हसोबाचा दगड आमच्या रानाच्या पलीकडे, ओढ्याच्या काठाला. वाट कापलेल्या ज्वारीच्या धसकटातून जाते, टोकदार असतात ती. चपला उंबऱ्यापाशी होत्या. त्या तिथेच राहू दिल्या आणि कोब्यावरून खाली मातीत उतरले.