पिपरडोहचे मेंबर हॉटेलात

पिपरडोहच्या उपसरपंचांनी, म्हणजे धोंडबांनी, गुडघ्यांचं कारण सांगून राजीनामा दिला तेव्हा गावात कोणाला फारसं दुःख झालं नाही. धोंडबा मेंबर म्हणून राहणारच होते, फक्त खुर्ची रिकामी झाली. पण खुर्ची रिकामी दिसली की तिच्यात आपलंच बूड शोभेल असं वाटणारी माणसं प्रत्येक गावात असतात. कुही तालुक्यातल्या या गावात तशी दोन होती. एक महादेवराव आणि दुसरा अनिश.

ग्रामपंचायतीत मेंबर सात. महादेवरावांकडे स्वतःला धरून चार होते : धोंडबा, शोभाताई आणि सुभद्रा. अनिशकडे तीन : तो स्वतः, उत्तरा, आणि सरपंच यमुताई. गणित महादेवरावांच्या बाजूनं होतं, पण एक मत इकडचं तिकडे झालं की सगळं पालथं. म्हणून त्यांची झोप उडाली होती.

टीव्हीवर त्यांनी पाहिलं होतं की मतदानाआधी मोठे पुढारी आपापले आमदार उचलून हॉटेलात नेऊन ठेवतात. विमानानं नेतात, परराज्यात नेतात, स्विमिंग पूल दाखवतात. महादेवरावांची धाव नागपूरच्या गणेशपेठेतल्या बसस्टँडपर्यंतच होती, पण विचार तोच.

"आपण कायचे कमी आहो?" ते सुभद्राच्या अंगणात उभे राहून म्हणाले. "दोन रात्री हॉटेलात राहू. मतदानाच्या दिवशी सकाळी सरळ पंचायतीत येऊ. कोणाचा फोन नाही, कोणाची भेट नाही."

हे ते सुभद्राला सांगत नव्हते. तिच्या नवऱ्याला, गिरिधरला, सांगत होते. सुभद्रा महिला राखीव जागेवर निवडून आलेली, पण सभेला जायचा गिरिधर. गाव त्यालाच मेंबर म्हणायचं. सुभद्राचं काम एवढंच की रजिस्टर घरी आलं की चुलीपुढून उठायचं, पिठाचा हात पदराला पुसायचा आणि तो बोट ठेवेल तिथं सही करायची. सातवीपर्यंत शिकलेली बाई, वाचायची खडाखडा, पण काय लिहिलंय ते वाचायला वेळ मिळेल तर ना.

जायच्या दिवशी गिरिधर इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा आणि स्वतःची बॅग घेऊन जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसला. महादेवरावांनी दार उघडलं.

"तुझं मत आहे का?"

"बायकोचं आहे ना."

"मंग उतर. हॉटेलात मतं न्याची आहे, नवरे नाही."

जीप निघाली. मागच्या काचेतून सुभद्राला रस्त्यात बॅग धरून उभा असलेला नवरा लहान लहान होताना दिसला. वाईट वाटायला हवं होतं. ती वाट पाहत होती, पण उमरेड रोड लागला तरी वाईट काही वाटेना.

हॉटेलचं नाव राजगंधर्व डिलक्स. राज, गंधर्व आणि डिलक्स हे तिन्ही पाटीवरच राहिले होते, आत कोणीच आलेलं नव्हतं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबून विचार करायची. खोलीची खिडकी उघडली की शेजारच्या हॉटेलची भिंत, इतकी जवळ की तिच्यावरचं शेवाळ पुसता आलं असतं. टॉवेल एकेकाळी पांढरा असावा. साबण चॉकलेटएवढा. एसीचं पाणी कोपऱ्यातल्या बादलीत ठिबकायचं.

"बाप्पा! हे काय हॉटेल आहे?" शोभाताईंनी नाक मुरडलं. त्यांचा एक भाचा पुण्यात होता, त्यामुळे त्यांना हॉटेलातलं कळायचं.

सुभद्रानं मात्र पलंगावर पाठ टेकली. भर दुपार होती आणि ती आडवी झाली होती आणि कोणी काही मागत नव्हतं. अशी दुपार तिला तापाशिवाय कधी मिळाली नव्हती.

टेबलावर एक फोन होता. त्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं की चहा-नाश्त्यासाठी नऊ दाबा. तिनं नऊ दाबला. चहा आला. सोबत बिस्किटं पण आली. तिनं चहा पिऊन पुन्हा नऊ दाबला, पहिला चहा चुकून तर आला नव्हता ना हे पाहायला. पुन्हा आला.

"शोभाताई," ती म्हणाली, "मी इथंच राहतो आता."

सगळ्यांचे मोबाइल महादेवरावांच्या बॅगेत बंद होते. पण गिरिधरला हॉटेलचं नाव माहीत होतं. संध्याकाळी काउंटरवरच्या मोहित मॅनेजरचा खोलीत फोन आला. "मॅडम, तुमच्या मिस्टरचा फोन आहे. दुपारपासून लावून राहिले. मी झोपल्या म्हणून सांगितलं, तर मले म्हणते, माझी बायको दुपारी झोपतच नाही. जोडून देऊ का?"

गिरिधर आधी कुकरच्या शिट्ट्यांवर बोलला, मग म्हशीवर बोलला आणि मग आवाज खाली आणला.

"बाजूले कोणी आहे का वं?"

"शोभाताई न्हाऊन राहिल्या."

"मंग आयक. मी अनिशले शब्द देऊन ठेवला आहे. आपल्या वॉर्डातल्या नालीचं काम तो मले देणार आहे."

सुभद्राला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आन महादेवभाऊले?"

"त्यालेबी देला."

"अहो, पण हात एकच वर कराचा आहे ना मले."

"हौ ना. कोणासाठी कराचा थे मी वेळेवर सांगतो. मी पंचायतीच्या दारात उभा राहीन. उजव्या हातानं टोपी काढली का महादेवराव, डाव्या हातानं काढली का अनिश. पक्कं ध्यानात ठेव."

तिनं रिसीव्हर ठेवला आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात साधाच होता, काळा मणी आणि हिरव्या बांगड्या घातलेला. रोवणी, निंदणी, भाकऱ्या सगळं त्यानं केलेलं. आणि हा माणूस तो दोघांना वाटून मोकळा झाला होता, तिला न विचारता. बिनकामाचा समजून उसना द्यावा तसा. शोभाताई बाहेर आल्या तेव्हा सुभद्रा लाल झालेली होती.

"काय झालं वं?"

तिनं सांगितलं. शोभाताई केस पुसायच्या थांबल्या. "आमच्यावाल्यानंबी निघताना मले टोपीच सांगतली," त्या हळूच म्हणाल्या. "दोघं मिळूनच ठरवलं दिसते येड्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी गंमत झाली. नाश्ता फुकट होता, तर्री-पोहे. महादेवराव आपली माणसं घेऊन तळमजल्यावर उतरले, प्लेट उचलली, वळले आणि समोर अनिश. त्याच्या हातात पण पोह्यांची प्लेट. त्याच्या मागं उत्तरा आणि यमुताई.

महादेवरावांच्या प्लेटमधली तर्री हातावर सांडली.

"तू इथं काहून?" महादेवराव ओरडले.

"तुम्ही काहून?" अनिश ओरडला.

मग दोघांचीही मान एकदमच वळली. कोपऱ्यातल्या टेबलावर गावचा जीपवाला ऋषी तर्री ओतून पोहे खात बसला होता. दोघांनीही गुपचूप त्यालाच गाठून हॉटेल ठरवायला सांगितलं होतं, आणि त्याला नागपुरात एकच हॉटेल माहीत होतं.

"तुम्ही दोघांनीबी सांगतलं का कोणाले सांगू नको," ऋषी तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "मंग? सांगतलं का मी कोणाले?"

त्याच्यावर रागावता येईना, कारण माणूस शब्दाला जागला होता. आधी कोण हॉटेल सोडणार यावर बराच वाद झाला. सोडला तो भ्याला, असा अर्थ निघणार, म्हणून कोणीच सोडेना. शेवटी मोहित मॅनेजरनं मध्यस्थी केली : महादेवरावांच्या लोकांनी दुसऱ्या मजल्यावर राहावं, अनिशच्या लोकांनी चौथ्या, आणि बायांनी एकमेकींशी अजिबात बोलू नये. पुरुषांनी काय करावं याबद्दल कोणी बोललंच नाही.

उत्तरा म्हणजे सुभद्राची सख्खी शेजारीण. निवडणुकीपासून नवऱ्यांनी दोघींचं बोलणं बंद केलं होतं. आता प्लेट ठेवताना उत्तरा नुसती डोळ्यांनी हसली आणि सुभद्राला एकदम गावात असल्यासारखं वाटलं, चांगल्या अर्थानं.

दुपारी दोन्ही गटांनी आपापल्या मजल्यावर सावजी मटण मागवलं. महादेवराव घाम पुसत पुसत जेवले आणि मोबाइलची बॅग उशीखाली घेऊन घोरू लागले. वर अनिशचंही तेच झालं असणार, कारण थोड्या वेळानं सुभद्राच्या खोलीच्या दारावर टकटक झाली आणि बाहेर उत्तरा आणि सरपंच यमुताई उभ्या होत्या, चपला हातात घेऊन.

"चला वं," यमुताई म्हणाल्या. सत्तरीला आलेली बाई, पण डोळे पोरीसारखे चमकत होते. "मले मेट्रोत बसाचं आहे. घरचे म्हणतात तुमाले जिन्यावर चक्कर येईन. इथं तर सरकता जिना आहे म्हणते."

खाली लॉबीत धोंडबांना पहाऱ्याला बसवलं होतं.

"कुठं चालल्या सगळ्याजणी?"

"गुडघ्याचं तेल आणाले," शोभाताई म्हणाल्या.

"मंग माझ्यासाठीबी आणा," धोंडबा म्हणाले आणि पाय पुढच्या खुर्चीवर टाकून मोकळे झाले.

कॉटन मार्केट स्टेशनवरच्या सरकत्या जिन्यावर यमुताईंना चक्कर आली नाही. सुभद्राला थोडी आली, पण तिनं सांगितलं नाही. गाडी आली, दारं आपोआप उघडली आणि चौघी आत जाऊन बसल्या. गार हवा, खाली गच्च्या, टाक्या, वाळत घातलेली लुगडी आणि झाडांचे शेंडे. त्यांनी खापरीपर्यंतचं तिकीट काढलं होतं, कारण नकाशावर तेच सगळ्यात लांब दिसत होतं.

सीताबर्डीला गाडी बदलल्यावर सुभद्रानं टोपीची गोष्ट सांगितली. उत्तरा हसून हसून वाकली. यमुताई हसल्या नाहीत.

"तुमचं टोपीवर तरी आहे," त्या म्हणाल्या. "मी सरपंच आहो. सरपंचाचा शिक्का मी अजून हातात धरला नाही. माझा पोरगा खिशात घालून फिरते. परवा धुवाले टाकलेल्या पँटीत सापडला."

"आपण चौघी आहो," उत्तरा एकाएकी म्हणाली.

"हौ, मंग?"

"मेंबर सात आहे."

गाडी विमानतळाच्या स्टेशनात थांबली. कोणी उतरलं, कोणी चढलं. मग शोभाताई एकदम म्हणाल्या, "मी नाही हो! आमचा मालक मले घरात घेणार नाही."

"मीबी नाही," उत्तरा म्हणाली. "मले वाचाले येत नाही नीट."

तिघींनी सुभद्राकडे पाहिलं.

"माझ्याकडं काहून पाहून राहिल्या?"

"तुले वाचाले येते," यमुताई म्हणाल्या. "आन आता सगळ्यात जास्त राग तुलेच आला आहे. राग थंडा व्हाच्या आत अर्ज भरून टाक. मंग नंतर काय कराचं थे नंतर पाहू."

सुभद्रा नाही म्हणाली, खूपदा म्हणाली. पण खापरीहून परत येताना तिनं विचारलं, "अर्जावर सही मराठीत चालते ना?" तेव्हा बाकीच्या तिघी काय ते समजल्या.

मतदानाच्या दिवशी पंचायतीत महादेवरावांनी अर्ज भरला, अनिशनं भरला, आणि मग सुभद्रानं पदराआडून कागद काढला. सूचक म्हणून उत्तराची वेडीवाकडी सही होती. ग्रामसेवकानं कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. "हा कोणाचा आहे?"

"माझा," सुभद्रा म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"वहिनी, गंमत नका करू," महादेवराव म्हणाले.

यमुताई सरपंचाच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या सभा चालवत होत्या आणि त्यांना ती फार आवडली होती. "मधात बोलाचं नाही," त्यांनी महादेवरावांना सांगितलं. "मी विचारीन तेव्हाच बोलाचं."

दारात गिरिधर उभा होता. अनिशचं नाव पुकारलं तेव्हा त्यानं डाव्या हातानं टोपी काढली. एकट्या अनिशचा हात वर. मग महादेवरावांचं नाव आलं. गिरिधरनं घाईघाईनं टोपी परत घातली आणि उजव्या हातानं काढली. महादेवराव आणि धोंडबा. तिथंच थांबलं.

"सुभद्राबाई," ग्रामसेवक म्हणाला.

तीन हात वर गेले. सुभद्राचा राहिला मांडीवर. दुसऱ्यासाठी हात वर करणं सोपं असतं, माणूस नंदीबैलासारखी मान हलवतो. स्वतःसाठी करायचा म्हणजे साऱ्या गावासमोर म्हणायचं की मला हवं आहे. आजवर तिनं कधी वांग्याच्या भाजीची मधली फोडसुद्धा स्वतःला हवी म्हणून घेतली नव्हती. दारातून गिरिधर डोळे मोठे करून काहीतरी खुणा करत होता. टोपी आता दोन्ही हातांत होती. तिनं त्याच्यावरची नजर काढली आणि हात वर केला. सरळ, कोपरात न वाकवता.

बाहेर आल्यावर गिरिधरनं आधी आरडाओरडा केला. मग कोणीतरी गुलाल आणला, कोणीतरी त्याच्या गळ्यात हार घातला, आणि त्याचा राग बराच उतरला. मिरवणुकीत तो सगळ्यात पुढं नाचला. सुभद्रा मागून चालत होती. गालावरचं हसू आवरता आवरत नव्हतं.

पुढच्या मासिक सभेला गिरिधर नेहमीसारखा इस्त्रीचा शर्ट घालून आत आला आणि उपसरपंचाच्या खुर्चीत बसला. सुभद्रा त्याच्यासमोर उभी राहिली.

"उठा जी."

"अवं, मी आहो ना. तुले काय समजते त्यात?"

"नाही समजत. समजून घ्याले आली. उठा."

यमुताईंनी टेबलावर शिक्का आपटला. गिरिधर उठला. बाहेरच्या पारावर शोभाताईंचा नवरा आधीच जाऊन बसला होता, त्यानं सरकून जागा दिली. आत सुभद्रानं विषयपत्रिका हातात घेतली आणि नालीच्या कामापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. महादेवराव मधेच काही म्हणायला गेले, तर ती वाचता वाचता थांबली, त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं? मंग वाचू मी?"