इस्त्रीचा पॉइंट

सून घरीच शिवणकाम करायची. इस्त्री करायची म्हणजे कपड्यांचा ढीग उचलून दर वेळी स्वयंपाकघरातल्या पॉइंटपाशी जावं लागे. सासऱ्यांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांना तिची ही धावपळ बघवेना. एवढ्याशा कामाला वायरमन कशाला, म्हणत त्यांनी स्वतःच दिव्याच्या वायरीतून जोड काढला आणि तिच्या मशीनशेजारी पॉइंट बसवून दिला. फ्यूज सारखा उडायला लागला, तेव्हा त्यात जाड तार घातली. मग उडायचा थांबला.

तीन महिन्यांनी भर दुपारी छताशी धूर दिसला. माणसं वेळेवर बाहेर पडली, खोली मात्र गेली. मशीन, कपाट, गिऱ्हाइकांचे कपडे, सगळं. ज्या मुलीचा लग्नाचा पोशाख त्यात होता, ती दारापर्यंत आली, आत बघून तशीच माघारी गेली.

घराचा विमा होता; पण विजेचं काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यायची अट होती. मुलाने वडिलांना बजावलं, वायरिंग घर घेतलं तेव्हाचंच आहे, एवढंच सांगायचं. त्यांनी मान डोलावली. आगीपासून त्यांच्याशी कोणी धड बोललंच नव्हतं.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. स्टुलावर चढून त्याने काळवंडलेली वायर बॅटरीच्या उजेडात न्याहाळली. इस्त्रीच्या मानाने ती फारच बारीक आहे, म्हणाला. मग बॅटरी जोडावर धरली.

"जोड मात्र सुरेख मारलाय. इतकं निगुतीचं काम हल्ली दिसत नाही. कुणाचं हे?"

"माझं," सासरे म्हणाले.

मुलाने डोळे मिटून घेतले. सर्व्हेअरने खाली मान घालून ते लिहून घेतलं. विचारल्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं.

दावा नामंजूर झाल्याचं पत्र आलं. मुलाने वडिलांशी बोलणं टाकलं. सून एका कारखान्यात कॉलर शिवायला जाऊ लागली.

एका संध्याकाळी ती कामावरून येऊन टेकते न टेकते, तोच सासरे समोर येऊन उभे राहिले.

"मला एकदा काय ते बोलून घे, पोरी. तू तरी बोल."

तिने वर पाहिलं. रागवावं असं तिलाही वाटत होतं, पण अंगात तेवढं त्राण उरलं नव्हतं.

"जेवून घ्या, बाबा," ती म्हणाली.

ते ताटावर बसले. पहिलाच घास कितीतरी वेळ तोंडात फिरत राहिला.